दुसऱ्या फेरीतली लाल ओळ

तुमच्या घरातला पंखा बंद पडला तर तुम्ही पहिली हाक कोणाला मारता, मुलाला की मुलीला? लगेच उत्तर देऊ नका. समतेवर बोलायला सांगितलं तर आपण सगळेच बरोबर बोलतो. पंख्याचं विचारलं की अडखळतो. आमच्या घरात तर समतेची पत्रकं निघायची, आणि तरीही ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवायचा असला की हाक सुमेधला जायची. सुमेध माझा थोरला भाऊ. स्टुलावर चढलं की त्याला गरगरायचं. मग तो स्टूल धरून उभा राहायचा, मी वर चढून स्टार्टर बसवायचे, आणि लाइट लागली की गॅलरीतून जाणारी शेजारीण त्याला म्हणायची, "केलंस का रे बाबा? बरं झालं." सुमेध माझ्याकडे बघून हसायचा. मीही हसायचे. ते हसणं मी पुष्कळ वर्षं साठवून ठेवलं आणि एका दिवशी, जिथे वापरायला नको होतं नेमकं तिथे वापरलं. त्या दिवसाबद्दल हे प्रकरण आहे.

घोडपदेवला चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून आमची खोली. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत होते तोवर गिरणीची पत्रकं लिहायचे. गिरणी बंद झाली, ते फोर्टातल्या एका कचेरीचं टपाल वाटू लागले, तरी पत्रकं थांबली नाहीत. नळाला पाणी येत नाही, पत्रक. रेशनवाला मापात मारतो, पत्रक. तळमजल्यावरच्या सरूबाईंचा नवरा गेला आणि दीर त्यांना खोलीबाहेर काढायला बघतो, पत्रक. जयंतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती उभ्या करण्यापेक्षा अभ्यासिकेला खुर्च्या घ्या, असं एक पत्रक निघालं, तेव्हा अर्धी चाळ सहा महिने अण्णांशी बोलत नव्हती. मी अक्षरं शिकले ती वाया गेलेल्या प्रतींवरून. 'नारळ' वाचता येण्याच्या आधी मला 'निषेध' वाचता येत होता, आणि कोणी पाहुणा आला की अण्णा मला तो शब्द वाचून दाखवायला लावत.

पत्रक छापायला जाण्याआधी ते आईला वाचून दाखवायचं हा घरचा कायदा होता. आई परळच्या एका इस्पितळात आया होती. सकाळपाळी करून आली की घटकाभर पाठ टेकायची आणि संध्याकाळी भाकऱ्यांना बसायची. अण्णा तिच्यासमोर पाटावर बसून वाचायला लागत. ती मान वर करत नसे. भाकरी थापल्याचा आवाज चालू आहे तोवर वाक्य ठीक. एखाद्या वाक्याशी तिचा हात थांबला की अण्णा पेन काढून ते वाक्य खोडत. का थांबलीस, असं विचारायचं नाही. कधी ते वाक्य खोटं असायचं, कधी नुसतंच अवघड, कधी इतकं खरं की छापलं तर दुसऱ्या दिवशी नळावर मारामारी झाली असती. सगळं वाचून झालं की तळाची ठरलेली ओळ यायची: 'वाचून झाल्यावर शेजारी द्या.' ती आली की आई तव्यावरची भाकरी उलटायची. शेगडीच्या दुसऱ्या तोंडावर तोवर भिंतीवर चिकटवायच्या प्रतींसाठी खळ शिजत असायची. तिच्यात विषारी मोरचूद घालत, म्हणून ते पातेलं वेगळं, त्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला. सुकट भाजल्याचा वास आणि खळीचा वास एकत्र यायचा. आज माझ्या घरात सुकट भाजली की मागोमाग खळीचा वास येतो, खळ नसली तरी.

प्रत्येक पत्रकाची एक प्रत खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत जायची. जुनी सायक्लोस्टाइलची, त्यांची शाई उडत चाललेली; नवी छापलेली, त्यांना वाळवी लागू पाहणारी. मी अठरा वर्षांची असताना चाळ पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळ्यांना काही वर्षांसाठी वडाळ्याच्या तात्पुरत्या खोल्यांमध्ये जायचं होतं, आणि त्या खोल्यांची ओल बघून आलेल्या आईने सांगून टाकलं, "ट्रंक तिथे नेलीत तर वर्षात लगदा होईल." तेव्हा अण्णांच्या मनात आलं की सगळी पत्रकं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी आणि त्यांचं पुस्तक काढावं. विहाराची अभ्यासिका चाळीशेजारच्या गल्लीत, ती पाडली जाणार नव्हती. तिथे एक चांगला कॉम्प्युटर आणि स्कॅनर घ्यायचा; पोरंही शिकतील, पत्रकंही उतरतील. विहाराच्या समितीला पटलं.

कॉम्प्युटर तयार घेण्यापेक्षा सुटे भाग आणून जोडला तर त्याच पैशात बरा येतो, हे समितीच्या बैठकीत मीच सांगितलं. मी तेव्हा दादरला हार्डवेअरच्या क्लासला जात होते. वर्गात मी एकटी मुलगी. विहाराचे चिटणीस कांबळेकाका मान डोलावत सगळं ऐकून घेत होते, आणि माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "छान. तर मग सुमेध, लॅमिंग्टन रोडला कधी जातोस?"

"मला त्यातलं काही कळत नाही, काका," सुमेध म्हणाला.

"ती लिहून देईल की यादी. तू माल घेऊन ये. बाजार आहे तो, पोरीबाळींना फसवतात."

अण्णा गप्प होते. हे मी विसरलेले नाही. मुलींच्या शिक्षणावर त्यांनी किती पत्रकं लिहिली होती ते मला पाठ होतं, आणि ते जमिनीकडे बघत बसले होते. बोलली ती आई, दाराशी बसलेल्या बायकांतून.

"कांबळेभाऊजी, गेल्या वर्षी पाण्याची टाकी कोणी आणली?"

"मी. का?"

"नाही, गळते म्हणून विचारलं. पुरुष माणूस गेला होता ना बाजारात."

बायका हसल्या, मग पुरुषही हसले, आणि त्या हशात ठराव झाला की भाग प्रज्ञाने निवडायचे, प्रज्ञानेच जोडायचे, सुमेधने सोबत जायचं. प्रज्ञा म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी अण्णांनी उद्घाटनाचं पत्रक लिहिलं. त्यात ओळ होती: 'कॉम्प्युटरचे भाग निवडून जोडणी करणार, आपल्याच चाळीतील कु. प्रज्ञा.' आईचा हात थांबला नाही. बैठकीतल्या गप्प बसण्याची ती भरपाई होती, हे मला तेव्हाही कळलं. जन्मात पहिल्यांदा माझं नाव छापलं गेलं, आणि आमच्या घरात एक गोष्ट लहानपणापासून अंगात भिनलेली: छापलेलं खोटं ठरू द्यायचं नाही.

लॅमिंग्टन रोडला बाकीचे भाग तासाभरात झाले. अडलं ते रॅमपाशी. वाचकांपैकी ज्यांना यातलं माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: स्कॅन केलेल्या कागदाचं चित्र आधी रॅममध्ये येतं आणि तिथून डिस्कवर उतरतं. चित्र मोठं, तर रॅम जास्त हवी. बोटभर रुंदीच्या हिरव्या पट्ट्या असतात, बोर्डवरच्या खाचेत बसवायच्या. शक्यतो सारख्या दोन घ्याव्यात, म्हणजे काम वेगाने होतं. हे सगळं मला येत होतं. दुकानदाराला ते माहीत नव्हतं. चष्मा कपाळावर चढवलेला, बारीक अंगाचा माणूस. तो पहिल्यापासून सुमेधशी बोलत होता.

"दो-दो जीबी की जोडी कितने में? और चार-चार की?" मी विचारलं.

"आपका बोर्ड कौनसा है, भाई?" त्याने सुमेधला विचारलं.

बोर्ड कुठला ते मी सांगितलं. त्याने सुमेधला सांगितलं, "दो-दो की जोडी ले जाओ. सील पॅक है, वॉरंटी है. आपके काम के लिए बहुत है."

काचेखाली आणखी एक जोडी दिसत होती. चार-चारची, वरून लाल पत्र्याचं कवच, उघड्या खोक्यात. किंमत विचारली तर तेवढ्याच पैशात. म्हणजे दुप्पट रॅम.

"वो छोडो," तो म्हणाला, पुन्हा सुमेधला. "एक कस्टमर चलाके वापस दे गया. क्यूं दिया, मालूम नहीं. भाई, बहन को समझाओ. दिखने में अच्छा है इसलिए नहीं लेने का."

"अगं, तो म्हणतोय..." सुमेध सुरू झाला.

"मला ऐकू येतं. बहिरी नाही मी."

"मग मला का ओरडतेस? त्याला सांग ना."

मी त्याला सांगितलं. "मुझसे बात करो. लेनेवाली मैं हूँ."

त्याने चष्मा खाली घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागावला नव्हता तो. म्हणाला, "ठीक है, मॅडम. आपसे बात करता हूँ. वो मत लो. लेना ही है तो पूरा टेस्ट करके लगाना. पूरा."

हे मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिते आहे, कारण पुढे कित्येक वर्षं ही हकिगत सांगताना मी हे शेवटचं वाक्य गाळत आले. त्या माणसाने माझ्याकडे बघून, मलाच, खरी गोष्ट सांगितली होती. तोवर माझ्या कानात स्टुलाखाली उभ्या सुमेधला मिळालेल्या सगळ्या शाबासक्या वाजत होत्या. मी लाल जोडी घेतली. मनाला सांगितलं, चित्रं मोठी आहेत, जास्त रॅम लागेल. ते खोटंही नव्हतं. स्वतःला फसवायचं असेल तर खरं कारण सगळ्यात सोयीचं पडतं.

रविवारी सकाळी अभ्यासिकेत सतरंजी अंथरून मी जोडणी केली. साडेनऊला पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं आली. क्लासच्या सरांनी शिकवलं होतं की बाकी काही टाकण्याआधी रॅमची तपासणी लावायची, एका सीडीवरून चालते ती. निळा पडदा येतो, आकडे सरकत राहतात, एक फेरी पुरी झाली की दुसरी. किमान चार फेऱ्या, सर म्हणायचे, आणि मधे लाल ओळ दिसली तर पट्टी बाद. एक ओळ असो की हजार. मी सीडी लावली. वर भिंतीला खळीने चिकटवलेलं उद्घाटनाचं पत्रक होतं: संध्याकाळी पाच वाजता. शेजारच्या खोल्यांमधून रविवारच्या मटणाचे कुकर शिट्ट्या देत होते. पहिली फेरी स्वच्छ गेली. मी खाली बसून बिस्किटाचा पुडा संपवला. आईने डब्यात कुळथाची पिठी आणि भात पाठवला होता, तो खाल्ला. दुसरी फेरी अर्ध्यावर आली होती, दुपारचे अडीच वाजले असतील, आणि निळ्या पडद्यावर आडवी, कुंकवाच्या बोटाएवढी एक लाल ओळ उमटली.

एकच. आकडे पुढे सरकत राहिले. मी पुढच्या ओळीची वाट बघत बसले. ती आली नाही. मला काय करायला हवं होतं ते मला पूर्ण माहीत होतं, आणि ते अवघड नव्हतं. बंद करायचं, एक पट्टी काढायची, दुसरी एकटी तपासायची. त्यात संध्याकाळ गेली असती. पाच वाजता जमलेल्या लोकांना सांगावं लागलं असतं की रॅम खराब आहे, बदलून आणावी लागेल, आज होत नाही. इतकंच. दहा मिनिटांची नामुष्की. तेवढ्यात सुमेध झेंडूच्या माळा घेऊन आत आला.

"ए, हे लाल काय आहे?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"झालं असं दाखवतं ते. माळा दाराला लाव, खुर्चीवर नको ठेवूस, पाणी गळतंय त्यांचं."

सुमेधने माळा उचलल्या. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण अख्ख्या चाळीत यातलं कळणारी मी एकटी होते. भिंतीवर माझं नाव होतं. मी बटण दाबून पडदा काळा केला, सीडी काढली आणि बाकीचे प्रोग्रॅम भरायला घेतले.

पाच वाजता अभ्यासिका भरली. अण्णांनी आईला पुढे बोलावलं आणि तिच्या हातून कॉम्प्युटर सुरू केला. कांबळेकाका म्हणाले, "बघू आता पोरीचं चालतं का," आणि चाललं. मराठी अक्षरं पडद्यावर आली. मी 'वाचून झाल्यावर शेजारी द्या' असं टाइप केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि कांबळेकाकांनी स्वतः उठून मला पेढा दिला. तो पेढा मी खाल्ला.

मग जे सुरू झालं ते इतकं सुंदर होतं की त्याबद्दल लिहिताना आजही मला स्वतःचा राग येतो. रोज संध्याकाळी अण्णा टपाल वाटून आले की ट्रंकेतून पाचसहा पत्रकं घेऊन अभ्यासिकेत येत. मी ती स्कॅन करी. स्कॅन झालेलं पत्रक ते परत ट्रंकेत ठेवत नसत. अभ्यास करणाऱ्या पोरांना पुस्तकं मिटायला लावून ते मोठ्याने वाचत आणि नंतर ज्याच्यासाठी लिहिलं होतं त्याला, तो नसला तर त्याच्या मुलाबाळांना देऊन टाकत. सरूबाईंचं पत्रक सरूबाईंना दिलं तेव्हा त्यांनी ते उलटं धरलं, कारण वाचता येत नव्हतं, आणि पदरात बांधलं. गिरणीची पत्रकं माहीमला, वडाळ्याला, लालबागला राहणाऱ्या जुन्या सोबत्यांच्या घरी गेली. अण्णा सुट्टीच्या दिवशी स्वतः चालत जाऊन देत. मी एकदा म्हणाले, "अण्णा, मूळ प्रती ठेवू या ना." ते म्हणाले, "पत्रक पेटीत ठेवायला लिहितात का? इतकी वर्षं ट्रंकेत कोंडून ठेवली ती माझीच चूक. आता तुझ्या मशीनमध्ये आहेत ना?"

"आहेत," मी म्हणाले.

त्या आधीच्या आठवड्यातच मी एका चित्रात पट्टा बघितला होता. वरचं अर्धं पत्रक ठीक, खाली सगळं राखाडी. मी ते पुन्हा स्कॅन केलं. अण्णांनी विचारलं, काय झालं, तर म्हटलं, केबल ढिली आहे. चार दिवसांनी दुसरं एक. तेही पुन्हा केलं. प्रत्येक फाइल परत उघडून बघायला हवी होती. मी बघितली नाही, कारण बघितलं असतं तर दिसलं असतं. दोन डीव्हीडी करून ठेवल्या, एक विहारात, एक घरी. पण त्याही त्याच यंत्रावर, त्याच रॅममधून केलेल्या. खराब रॅमची गंमत अशी की ती कधीकधीच चुकते आणि चुकली तरी चकार शब्द काढत नाही. फाइल दिसते, नाव बरोबर असतं, तारीख बरोबर असते. पावसाळा येईतो ट्रंक रिकामी झाली. आईने ती पुसून तिच्यात गोधड्या भरल्या आणि आम्ही वडाळ्याला गेलो.

पुढच्या वर्षी अण्णांना पुस्तक करून देणारा एक माणूस गिरगावात मिळाला. छोटासा छापखाना, सगळं काम कॉम्प्युटरवर. मी डीव्हीडी घेऊन गेले. तिथली ऑपरेटर माझ्याच वयाची होती. तिने एक फाइल उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडेना. मग ती भराभर उघडत गेली. अर्धं पान, राखाडी. हिरवे ठिपके. उघडत नाही. अर्धं पान. मी विहारातली डीव्हीडी आणली, कॉम्प्युटरची डिस्क काढून आणली. बरं निघालं त्याची एक पातळ वही झाली असती.

"ताई, स्कॅनर नाही, ही रॅमची गडबड वाटते," ती म्हणाली. "टेस्ट केली होती का?"

एवढी वर्षं ज्या प्रश्नाची मी वाट बघत होते, तो मला एका बाईने विचारला, माझ्याकडे बघून, कामातली बरोबरीची समजून. आणि मी डिस्क, डीव्हीडी पिशवीत भरून निघाले.

अण्णा वडाळ्याच्या खोलीत पुस्तकाची प्रस्तावना लिहीत होते. मी सांगितलं. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

"सगळी?"

"बरीचशी."

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलायची आणखी एक संधी होती. ती मी घेतली नाही, एवढंच माझ्या बाजूने लिहिता येईल. "उद्घाटनाच्या दिवशी. दुपारी."

आई शेगडीपाशी होती. तिचा हात थांबला. माझ्या मनात होतं की त्यांनी ओरडावं, हात उगारावा. त्यांनी आयुष्यात माझ्यावर हात उगारला नव्हता. ते म्हणाले, "मग पत्रक काढायचं होतंस. चुकलं की पत्रक काढायचं, प्रज्ञा. आपल्याकडे दुसरं काय आहे?" आणि थोड्या वेळाने, "अजूनही काढ."

मी काढलं नाही. समितीला अण्णांनी इतकंच कळवलं की रॅम खराब निघाली, फाइली गेल्या. कांबळेकाका भेटायला आले, चहा प्यायले, आणि जाताना म्हणाले, "म्हणूनच मी म्हणत होतो, सुमेधला पाठवा." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी कपबश्या उचलल्या.

दिलेलं पत्रक परत मागायचं नाही, म्हणून अण्णांनी आठवून आठवून पत्रकं पुन्हा लिहायला घेतली. त्यांना तारखा आठवत, मुद्दे आठवत. वाक्यं येत नसत. मग आई सांगायला लागली. ती घडाघडा वाक्यं सांगे, आणि ऐकता ऐकता अण्णांच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र उमटायचं. चौथ्यापाचव्या वाक्याला त्यांच्या ध्यानात आलं. "अगं, ही सगळी मी खोडलेली वाक्यं आहेत." आईला तीच आठवत होती, ज्यांच्यापाशी तिचा हात थांबला होता. जी हाताखालून सुरळीत गेली, जी छापली गेली, जी लोकांनी वाचली, ती तिच्या लक्षात राहिली नव्हती. आमच्याकडे आज एक वही आहे, अण्णांच्या अक्षरातली, पत्रकांमध्ये कधीच न छापलेल्या वाक्यांची. ती त्यांनी आईच्या समाधानासाठी पुरी केली. पुस्तक झालं नाही. काही वर्षांनी अण्णा गेले, तेव्हा विहारात शोकसभेला लोक म्हणाले, अण्णांची पत्रकं म्हणजे आपला इतिहास. एकालाही एक अख्खं पत्रक वाचून दाखवता आलं नाही.

मला वाटायचं की इथे ही गोष्ट संपली. नुकसान माझ्या बापाचं झालं, शिक्षा मला मिळाली, हिशेब मिटला. तसं नव्हतं. अण्णा गेल्यानंतर विहाराला नवे कॉम्प्युटर घ्यायचे ठरले. कांबळेकाकांचीच नात तेजल तेव्हा डिप्लोमा करत होती. ती बैठकीत उठून म्हणाली, मी निवडते, मी जोडते. यादी तयार होती हातात. कांबळेकाका तिला म्हणाले, "बाळा, खाली बस. एकदा पोरीच्या हातात दिलं होतं, काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे."

मी त्या बैठकीत होते. दाराशी, बायकांत, जिथे आई बसायची तिथे. तेजलने माझ्याकडे बघितलं. मी आईसारखं टाकीबद्दल विचारायला हवं होतं. त्याहून सोपं, खरं ते सांगायला हवं होतं: मुलीला माल निवडता आला नाही हे खोटं आहे. मुलीला दोष दिसला होता. तपासणीही तिनेच लावली होती, ती तिला येत होती. तिने दोष दाबून ठेवला, कारण पहिल्या चुकीनंतर आपल्याला दुसरी संधी देणार नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तिला ते माहीत असण्यात तुमचा हात आहे. एवढं बोलले असते तर माझी लाज गेली असती आणि तेजलचं काम झालं असतं. मी बोलले नाही. तेजल खाली बसली. तिने यादीची घडी घातली, मग आणखी एक घडी, मग आणखी एक.

तिला मी गेल्या महिन्यात हे प्रकरण वाचून दाखवलं. ती आता दुसऱ्यांच्या कचेऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. वाचून झाल्यावर म्हणाली, "ताई, हे तेव्हा बोलली असतीस तर?" मी म्हटलं, हो. तिचं हे वाक्य मी खोडणार होते. खोडलेलं नाही.

तर अण्णांनी काढ म्हणून सांगितलेलं पत्रक ते हे. उशिरा निघालं, लांबलं, आणि आईला वाचून दाखवलं तेव्हा तिचा हात चार ठिकाणी थांबला. ती चारही ठिकाणं तशीच ठेवली आहेत. आता पत्रकात असतं तसं काम सांगते. अण्णांनी ती पत्रकं वाटली होती, जाळली नव्हती. ती कोणाच्या तरी घरात आहेत. तुमचं माणूस गिरणीत होतं का? घोडपदेव, लालबाग, माहीम, वडाळा, कुठेही राहत असाल तर घरातली जुनी ट्रंक उघडा. मांडणीवर डब्यांखाली अंथरलेले कागद उचलून बघा, फोटोच्या चौकटीमागचा पुठ्ठा काढून बघा, आजीच्या लुगड्यांच्या घडीत बघा. तळाला 'वाचून झाल्यावर शेजारी द्या' अशी ओळ असेल तर ते अण्णांचं आहे. मूळ कागद मला पाठवू नका, तो तुमचा आहे. घरात सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने वाचा, आणि त्याचा फोटो काढून या पुस्तकाच्या प्रकाशकांकडे पाठवा. फोटो काढायचं काम घरातल्या मुलीला सांगा. काढल्यावर तो उघडून बघायला लावा. बिघडला असेल आणि तिने तसं सांगितलं, तर आवाज न चढवता पुन्हा तिलाच काढायला द्या.